चिवट

मराठीत काही शब्द असे आहेत, की ते वापरले जातात स्तुती म्हणून. पण त्यांच्या पोटात स्तुतीपेक्षा सुटकेचा निःश्वासच अधिक असतो. 'चिवट' हा त्यांतलाच एक. 'काटक' हा त्याचा सख्खा भाऊ. एखाद्याला आपण 'फार चिवट हो!' म्हणतो, तेव्हा त्याच्या गुणाचे कौतुक करण्यापेक्षा त्याच्या काळजीतून मोकळे होण्याची आपल्याला घाई झालेली असते. नाजूक माणसाला सगळे विचारतात, 'जेवलात का? झोप लागली का? इथली हवा मानवते ना?' चिवट माणसाला असले काही कोणी विचारीत नाही. त्याने आपले जगत राहायचे.

शब्दांच्या छटा मुलांना समजावून सांगणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण या शब्दाची ही छटा मला कुठल्या कोशात सापडली नाही. ती सापडली आमच्या कॉलेजच्या आवारात, सायकली ठेवण्याच्या जागेमागे उभ्या असलेल्या एका झाडापाशी.

झाडाचे नाव युक्का. तुम्ही ते पाहिलेले असणार; नाव मात्र कदाचित ठाऊक नसेल. बंगल्यांच्या फाटकाशी, कचेऱ्यांच्या हिरवळीवर, रस्त्याच्या मधल्या दुभाजकात ते उभे असते. तलवारीच्या पात्यांसारखी लांब पाने, प्रत्येक पात्याच्या टोकाला सुई, आणि सगळा झुबका चहूदिशांना असा रोखलेला, की जणू कोणी पुढे येऊन बोलूच नये. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, ही घायपातच. तसे वाटणे अगदीच वावगे नाही. देशावर जिला घायपात आणि वऱ्हाडात केकताड म्हणतात, तिचे आणि युक्काचे घराणे एकच. दोघांचे माहेर अमेरिका खंड. पण स्वभाव निराळे. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि त्या एका उत्सवात सर्वस्व उधळून मरून जाते. युक्का संसारी. तो पुनःपुन्हा फुलतो. शिवाय घायपातीने इथे येऊन शेतांना कुंपण दिले, गुरांना दावी दिली, त्यामुळे ती गावची होऊन गेली. युक्का राहिला शोभेचा पाहुणा. गावात त्याला देशी नावसुद्धा कोणी ठेवले नाही.

आमचा गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघून तो वेगळा जिल्हा झाला; पण बांध्यांतले पाणी, तलाव आणि राइस मिलचा कोंडा हे सारे त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. इथला उन्हाळा पारा ४५ अंशांपलीकडे नेतो आणि पावसाळा जमिनीचा चिखल करून सोडतो. असल्या दोन टोकांच्या हवेत आमच्या आवारातले गुलाब दरसाल एकदा जळतात आणि एकदा कुजतात. युक्काला यातले काही होत नाही. आमचे माळीबुवा त्याच्या बुंध्याशी पाइप कधी नेत नाहीत. एकदा मी सहज विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, हे झाड मरतच नाही जी. त्याले काय पाणी टाकाचं!"

मरत नाही, म्हणून पाणी नाही. 'चिवट' शब्दाची व्याख्या याहून नेमकी कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

या झाडाचे नाव कसे पडले, तीही एक गंमत आहे. नवरात्रात आणि एकादशीला आपल्या घरोघर साबुदाण्याची खिचडी होते. तो साबुदाणा ज्या कंदापासून करतात, त्या कंदाला वेस्ट इंडीजकडचे मूळ रहिवासी 'युका' म्हणत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जॉन जेरार्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिज्ञाच्या बागेत अमेरिकेकडचे एक काटेरी रोप आले. त्याला वाटले, हाच तो युका! खरे म्हणजे या झाडाचा त्या कंदाशी काडीचाही संबंध नव्हता. पण नाव एकदा चिकटले ते चिकटले. १७५३ साली लिनीयसने जगभरच्या वनस्पतींची मोठी वही छापली, तीत एक अक्षर जादा घालून तेच नाव कायम झाले. परमुलखात गेलेल्याला लोक आपल्या सोयीचे नाव देतात आणि तो त्याच नावाला 'ओ' देऊ लागतो. लग्नात नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांना हे वेगळे सांगायला नको.

जेरार्डच्या बागेत ते झाड जगले, पण फुलले नाही. इंग्लंडात युक्काला पहिले फूल आले ते १६०४ साली, एसेक्स परगण्यात विल्यम कॉइस यांच्या बागेत. म्हणजे नवी माती अंगवळणी पडायला या चिवट झाडालाही वर्षे लागली.

मग त्याची स्वतःची माती कशी आहे? युक्काच्या चाळीस-पन्नास जाती आहेत. त्यांतली सर्वांत सोशिक म्हणावी अशी एक म्हणजे युक्का ग्लाउका. ग्लाउका म्हणजे निळसर राखी रंगाची. रॉकी पर्वताच्या पूर्वेला टेक्सासपासून थेट कॅनडाच्या दक्षिण टोकापर्यंत गवताळ मैदानांचा जो अफाट पट्टा पसरला आहे, तो तिचा मुलूख. माती वाळूची, उतार खडीचे, पाऊस बेताचा. उन्हाळ्यात भाजून काढणारे ऊन आणि हिवाळ्यात शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरणारी थंडी. वर अधूनमधून गवताला लागणारे वणवे. वणव्यात पाने जळून जातात. पण जमिनीखालचे खोड शाबूत असते. त्यातून पुन्हा कोंब येतात. बर्फात हिरवा राहणारा तो झुबका पाहून तिकडच्या लोकांना नवल वाटले असेल, तर ते साहजिकच आहे.

तिकडचे आदिवासी लोक मात्र नुसते नवल करीत बसले नाहीत. त्यांनी युक्काशी संसार केला. त्याचे मूळ ठेचून पाण्यात घुसळले की फेस येतो. त्या फेसाने ते केस धूत. आपल्याकडचा रिठा जे करतो तेच हे, आणि दोन्हींतला फेसाळणारा गुणही एकाच जातीचा. पानांचे धागे काढून त्यांनी दोर वळले, टोपल्या विणल्या, पायांतल्या वहाणा केल्या. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या कोरड्या गुहांमध्ये युक्काच्या धाग्यांच्या अशा वहाणा शेकडो वर्षांनी जशाच्या तशा सापडल्या आहेत. माणूस गेला, त्याची भाषा गेली, वहाण राहिली!

इतके सगळे वाचून झाल्यावर मीही म्हणालो असतो, 'चिवट खरा!' आणि पुस्तक मिटले असते. पण आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. पावसाळा ओसरत आला, की आमच्या आवारातल्या युक्काला मधोमध पुरुषभर उंचीचा दांडा येतो आणि त्याला पांढऱ्या घंटांसारखी फुले लोंबू लागतात. एरवी भाला रोखून उभे असलेले हे झाड त्या आठवड्यात एखाद्या देवळातल्या समईसारखे दिसते. मी त्याचे कौतुक करीत होतो. सहकारी म्हणाले, "फुले पाहिलीत, फळ कधी पाहिलेत का?"

खरेच, इतक्या वर्षांत मी त्या झाडाला एकही फळ पाहिलेले नाही. फुले येतात, दहा-पंधरा दिवस मिरवतात आणि देठासकट गळून पडतात. माळीबुवा ती झाडून टाकतात.

त्याचे कारण सहकाऱ्यांनी सांगितले, ते असे. युक्काचे पराग चिकट आणि जड असतात. वाऱ्याने ते उडत नाहीत. एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात नेऊन देणारा त्याचा एक खास सोबती आहे. तो एक छोटासा पांढरा पतंग. मुले संक्रांतीला उडवतात तो नव्हे. दिव्यावर झेप घेतो त्या जातीचा. सेंट लुईस शहरातले डॉक्टर आणि वनस्पतिज्ञ जॉर्ज एंगेलमान यांना १८७२ च्या सुमारास शंका आली, की किड्यांवाचून युक्काला फळ धरत नाही. मिसूरी राज्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांनी रात्री-रात्री फुलांपाशी बसून त्या शंकेचा छडा लावला. त्यांची हकिकत वाचून खुद्द डार्विन थक्क झाला. परागीकरणाचे इतके अद्भुत उदाहरण आजवर प्रसिद्धच झाले नव्हते, अशा आशयाचे त्याने १८७४ साली आपले मित्र हूकर यांना लिहिले.

तसे थक्क होण्यासारखेच ते आहे. मधमाशी फुलावर जाते ती मधासाठी. पराग तिच्या अंगाला लागतात ते योगायोगाने. हिची गोष्ट वेगळी. संध्याकाळी युक्काची फुले उमलली, की पतंगाची मादी येते. तिच्या तोंडाशी दोन वाकड्या सोंडा असतात, त्या याच कामासाठी. त्यांनी ती पराग गोळा करते, त्याची लहानशी गोळी करून हनुवटीखाली धरते आणि बहुधा दुसऱ्या झाडाच्या फुलाकडे जाते. त्या फुलाच्या बीजकोशात आपली अंडी घालते. मग वर चढते आणि आणलेल्या परागांतला थोडा भाग अगदी बरोबर जागी दाबून बसवते. तिला स्वतःला काही खायचे नसते. ते चार दिवसांचे आयुष्य ती बहुतेक उपाशीच काढते. पुढे फळ धरते, अळ्या जन्मतात आणि त्यांतल्या काही बिया खातात. उरलेल्या बिया झाडाच्या. नंतर अळी जमिनीवर उतरते, मातीत कोष करून झोपते आणि पुढच्या फुलांच्या दिवसांत पतंग होऊन बाहेर येते. कधी कधी तर एकाहून अधिक वर्षे ती वाट पाहते.

हा व्यवहार नुसत्या भाबडेपणावर चालत नाही, बरे का! एखाद्या फुलात कोणी हावरेपणाने फार अंडी घातली, तर झाड ते फूलच गाळून टाकते, हे १९९४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. शिवाय काही पतंग लबाडही निघाले आहेत. ते पराग न आणता आयत्या फळात अंडी घालून जातात. म्हणजे प्रेम आहे, हिशेब आहे, फसवाफसवीही आहे. एकत्र कुटुंबात याहून निराळे काय असते?

तर युक्काची ही कुळकथा. उन्हात तो जगेल, बर्फात जगेल, सायकलींच्या मागे बिनपाण्याचा जगेल. खोडापाशी पिल्ले फुटतील, ती दुसऱ्या बागेत लावता येतील. पण फळ, बी, पुढची पिढी हवी असेल, तर त्याला त्याचे माणूस पाहिजे. आणि जहाजातून रोपे आणणाऱ्या माणसांनी झाडे आणली, ते पतंग काही आणले नाहीत.

ही हकिकत ऐकून मी घरी आलो, तेव्हा आमच्या मातोश्री व्हरांड्यात बसून तांदूळ निवडत होत्या.

माझी आई मूळची वाईची. वडील गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, ती आमच्याकडे गोंदियाला आली. कृष्णेच्या घाटापासून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून. सामान एक ट्रंक, तांब्याचा तांब्या आणि जात्याचा एक लाकडी खुंटा. जाते जड, ते कोण आणणार? पण खुंटा तिने लुगड्यात गुंडाळून आणला. सौभाग्यवतीने विचारले, "आई, नुसत्या खुंट्याचं काय करायचं?" ती म्हणाली, "असू दे. सासूबाईंच्या हातचा आहे."

तेव्हापासून तिने इथे जे जमवून घेतले, ते पाहून कोणीही टाळी द्यावी. जन्मभर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली ती, दोन्ही वेळा भात खाऊ लागली. मे महिन्यात कूलरपुढे बसायला शिकली. भाजीवाल्याशी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत घासाघीस करू लागली. वयाची सत्तरी उलटली तरी रक्तदाब नाही, साखर नाही. डॉक्टर तपासून म्हणतात, "आजी काटक आहेत." पुण्याहून भाऊ फोन करतो आणि विचारतो, "आई बरी आहे ना? ती काय, चिवटच आहे!" शेजारीपाजारी म्हणतात, "आजींचं काही करावं लागत नाही हो तुम्हाला."

हे सगळे खरे. पण आई ओव्या म्हणेनाशी झाली होती.

आईला ओव्या किती येत, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. लहानपणी पहाटे मला जाग यायची ती जात्याच्या घरघरीने आणि तिच्या आवाजाने. पुढे गिरण्या आल्या, जाते कोपऱ्यात गेले. पण शेवया वळताना, पापड लाटताना ती आणि शेजारच्या काकू समोरासमोर बसून म्हणतच. गोंदियाला आल्यावर मी कितीदा म्हटले, "आई, ओव्या सांग, मी लिहून घेतो." मराठीच्या प्राध्यापकाला घरात असा खजिना असल्यावर मोह होणारच. ती म्हणे, "आता आठवत नाहीत रे बाळा." एकदा फार आग्रह केला, तर दोन ओळी म्हणून थांबली. "अशी कशी म्हणू? समोर कोण आहे?"

जात्यावर बसले, की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. वर्गात मीही ही म्हण कैक वेळा समजावून दिली आहे. पण म्हणीत एक गोष्ट गाळली गेली आहे. जाते एकटीने ओढणे जिकिरीचे. समोर दुसरी बाई बसते, तिचाही हात त्याच खुंट्यावर असतो. एकीने ओवी टाकायची, दुसरीने झेलायची आणि आपली जोडायची. पहिलीने भाऊ आठवला, की दुसरीला माहेरची वाट आठवते. ओवी सुचते ती जात्यामुळे नव्हे, समोरच्या हातामुळे. आमच्या घरात तो हात नव्हता. सून होती, पण ती नोकरीवर. नातवंडे होती, पण ती मोबाइलवर. मी होतो, पण मी वही घेऊन बसलेला! वहीला ओवी कशी सुचणार?

भावाचे म्हणणे पडले, की आईला वाईला परत नेऊन ठेवावे. घर आहे, एक बाई कामाला ठेवू. शेवटी ज्याची त्याची माती ती माती. मलाही ते पटण्यासारखे वाटले. त्या उन्हाळ्यात मी तिला घेऊन वाईला गेलो. दोन आठवडे राहिलो. ढोल्या गणपतीचे दर्शन झाले, घाटावर जाऊन बसणे झाले. नदी तीच, पायऱ्या त्याच. पण शेजारच्या काकू तीन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. त्यांच्या घराला कुलूप होते. आळीत निम्म्या घरांतून अनोळखी माणसे. बाराव्या दिवशी आईच म्हणाली, "चल, परत जाऊ." मी विचारले, "का गं, इथे तर तुझं सगळं आहे." ती म्हणाली, "घाट आहे रे. पण 'आज उशीर का झाला गं?' असं विचारणारं कोणी नाही."

परतीच्या गाडीत मला युक्का ग्लाउका आठवली. तिच्या मुलखाच्या अगदी उत्तरेच्या कडेला, कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात, मिल्क नदीच्या खोऱ्यातल्या उतारांवर ती आजही उभी आहे. माती तिची, थंडी तिची, वारा तिचा. पण तिथे तो पांढरा पतंग फार थोडा उरला आहे. कॅनडात आता झाड आणि पतंग दोघांचीही नावे संकटात सापडलेल्या जीवांच्या यादीत आहेत. पतंग नसेल त्या हंगामात ते झाड आपल्या जन्मभूमीतही आमच्या सायकलींमागच्या युक्कासारखेच. फुले येणार आणि गळणार. शास्त्रज्ञ 'नैसर्गिक अधिवास' असा एक भारदस्त शब्द वापरतात. आपण त्याचा अर्थ करतो माती, पाऊस, तापमान. पण अधिवास म्हणजे जागा नव्हे; अधिवास म्हणजे सोबत. सोबत गेली, की घरातल्या घरात परदेश होतो.

मग काय, एकदा सोबत तुटली की सगळे संपले? मी हा प्रश्न सहकाऱ्यांना विचारला, अर्थात युक्काच्या निमित्ताने. ते म्हणाले, तसेही नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागात, समुद्रकाठच्या वाळूत वाढणारी युक्काची एक दुसरी जात आहे. तिने पतंगाची वाट पाहणे सोडले आहे. तिच्या फुलांवर साधी मधमाशी येते आणि फळ धरते. आणि मौज अशी, की ही मधमाशी त्या मुलखातली नव्हे. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ती आपल्याबरोबर नेलेली. म्हणजे झाड घरचे, पण त्याला फळ दिले ते परक्याने!

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आई चकल्यांची भाजणी भाजत होती. आमच्या शेजारी एक पोवार कुटुंब राहते. त्या घरच्या बाई, वय पन्नाशी-पंचावन्नचे, मदतीला आल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात पोवारी बोलणारी घरे पुष्कळ. घरात पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, असा त्यांचा तिपेडी व्यवहार. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या पुतणीचे लग्न निघाले होते. हात चालवता चालवता त्या स्वतःशीच पोवारीतले लग्नाचे गाणे गुणगुणू लागल्या. आईचा कालथा थांबला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा." त्या लाजल्या, पण म्हणाल्या. अर्धे शब्द आईला कळले, अर्धे नाहीत. पण चालीतला भाऊ, मांडव आणि निघताना मागे वळून पाहणारी मुलगी हे कळायला शब्द कशाला हवेत? गाणे संपले आणि आईने ओवी टाकली. सहा वर्षांनी! त्या बाई म्हणाल्या, "माय, तुम्ही बी गाता का जी?" आणि त्यांनी पुढचे गाणे जोडले. मी दारात होतो. सौभाग्यवतीने डोळ्यांनीच दटावले, 'वही आणू नका.' मी आणली नाही. त्या दिवशी भाजणी जरा जास्तच भाजली गेली. चकल्या काळसर झाल्या आणि सगळ्यांनी त्या कौतुकाने खाल्ल्या.

पुतणीच्या हळदीला त्यांच्या घरी जाते बाहेर निघाले. त्याचा खुंटा मोडका होता. आईने फळीवरून आपला खुंटा काढून दिला. तो थोडा जाड भरला. मग त्यांच्या यजमानांनी तो चाकूने तासला आणि ठोकून बसवला. सासूबाईंच्या हातचा खुंटा तासताना आईला कसे वाटेल, म्हणून मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "तासल्याशिवाय दुसऱ्याच्या जात्यात बसतो का खुंटा?" आणि जात्याच्या एका बाजूला जाऊन बसली. समोर त्या बाई बसल्या.

आता रोज दुपारी दोघी एकत्र असतात. वाईच्या ओव्यांत गोंदियाचे धान आले आहे आणि पोवारी गाण्यांत कृष्णेचा घाट शिरला आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा सगळा गोंधळ आहे आणि तो मला फार आवडतो.

एका संध्याकाळी मी आईला युक्काची गोष्ट सांगितली. झाड, पतंग, बिया, गळणारी फुले, सगळे. मला वाटले, ती झाडाबद्दल हळहळेल. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि त्या पतंगाला दुसरं झाड चालतं का रे?"

मी म्हणालो, "नाही. त्यालाही युक्काच लागतो. झाड नसेल, तर त्याची अंडी कुठे घालणार?"

"मग झाडाचंच काय एवढं कौतुक सांगतोस?" आई म्हणाली. "शेजारच्या बाईंची दोन्ही मुलं हैदराबादला आहेत. यजमान दिवसभर राइस मिलवर. तिला इतकी वर्षं कोणी विचारलं होतं, तू गातेस का म्हणून?"

असे म्हणून तिने चपला पायात घातल्या आणि पलीकडच्या फाटकाची कडी वाजवली.